मुंबईत जुन्या चित्रकाराचा माग काढताना: संग्रहालयात आणि दप्तरात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये एक चित्र आहे. साडी नेसलेली तरुण बाई, एका हातात दिवा, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, कुणाच्या तरी दिवाणखान्यात तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. बरेच लोक बेधडक सांगतात, रविवर्म्याचं. रविवर्मा १९०६ साली गेला. हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं, जलरंगातलं आणि सावंतवाडीहून मुंबईत आलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. दिवा धरून उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी. हळदणकर काही अज्ञात माणूस नव्हते. मुंबईत त्यांनी चित्रकलेचे वर्ग चालवले, १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या चित्राची ही गत, तर आपल्या घरातल्या कुणा विसरलेल्या चित्रकाराचं काय होणार?

आमच्या घरात तो चित्रकार म्हणजे आप्पाआजोबा, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आत्याच्या घरी त्यांचं बाणगंगेचं एक जलरंगचित्र आहे, खाली सही आणि १९३१. त्याच्याबरोबर एक कहाणीही वारसाहक्काने आलेली: 'जे.जे.त असताना गोल्ड मेडल मिळालं होतं.' जे.जे. म्हणजे मुंबईचं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. ते मेडल कुणीच पाहिलेलं नाही. मी बँकेत काम करते, इतिहासाशी माझा संबंध दहावीपुरता. दोन वर्षांत सीएल, म्हणजे कॅज्युअल रजा, जपून जपून मी मुंबईतल्या संग्रहालयांच्या आणि दप्तरांच्या, म्हणजे जुने कागद जपून ठेवणाऱ्या ठिकाणांच्या, वाऱ्या केल्या. पहिल्या चार फुकट गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

१. प्रश्न बारीक करा

पहिल्या दिवशी एका दप्तराच्या काउंटरवर झालेला संवाद:

"काय बघायचंय?"
"माझ्या आजोबांची माहिती. चित्रकार होते."
"साल?"
"एकोणीसशे तीसच्या आसपास."
"खातं?"
मी गप्प.
"ताई, इथे माणसाच्या नावाने काही लावलेलं नसतं. कागद ज्या खात्यात तयार झाला त्या खात्याच्या नावाने असतो. खातं आणि साल सांगा, मग बघू."

चिडायचं कारण नव्हतं, त्यांचं बरोबर होतं. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावतात, दप्तरात तसं नसतं. मुलाला शिष्यवृत्ती मिळाली तर तो कागद शिक्षण खात्याच्या त्या वर्षीच्या बाडात जातो. चित्र प्रदर्शनात लागलं तर ते प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेच्या कॅटलॉगमध्ये जातं. मासिकात छापलं तर त्या अंकात. 'चित्रकार' असं कपाट कुठेही नसतं. म्हणून घरातून निघण्यापूर्वी एकच वाक्य लिहा, ज्यात नाव, साल आणि घटना असेल. 'आप्पाआजोबांविषयी सगळं' हा प्रश्न नव्हे. '१९३० ते १९३३ या काळात मुंबईत झालेल्या वार्षिक प्रदर्शनांत त्यांचं चित्र होतं का?' हा प्रश्न आहे. याचं उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं.

२. आधी घरातला कागद

दप्तराच्या पायऱ्या चढण्याआधी माळ्यावर चढा. चित्राची मागची बाजू बघा. फ्रेम करणाऱ्या दुकानाचं लेबल, प्रदर्शनाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, हे पुढच्या सहीपेक्षा जास्त बोलतं. मात्र फ्रेम स्वतः उघडू नका, मागचा पुठ्ठा चित्राला चिकटलेला असू शकतो.

ट्रंकेत सर्टिफिकेट सापडलं तर ते कसलं, हे नीट वाचा. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आपल्यातल्या अर्ध्याअधिक लोकांनी शाळेत दिलेल्या असतात. त्या परीक्षा जुन्या आहेत आणि 'आजोबा जे.जे.चे' या अनेक घरगुती दंतकथांच्या मुळाशी त्यातलंच एखादं सर्टिफिकेट निघतं.

मग नेट. मराठी विश्वकोश फुकट वाचायला मिळतो आणि त्यातल्या चित्रकारांच्या नोंदी चांगल्या आहेत. एशियाटिक सोसायटीची 'ग्रंथसंजीवनी' ही साइट आहे, तिथे दुर्मीळ पुस्तकं आणि नियतकालिकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. हाँगकाँगची एशिया आर्ट आर्काइव्ह ही संस्था २००० साली सुरू झाली. तिने बडोद्याच्या ज्योती भट्ट यांच्यासारख्या कलावंतांचे संग्रह नेटवर खुले केले आहेत आणि मराठीसह भारतीय भाषांतल्या कलाविषयक लेखनाची सूचीही. मी हे सगळं सोडून थेट फोर्टात गेले आणि घरबसल्या वाचता आलं असतं ते वाचायला अख्खी सीएल घालवली.

३. कुठे काय मिळतं

ही पायरी लांबलचक आहे, कारण घोळ इथेच होतो.

पहिला घोळ म्हणजे गॅलरी, संग्रहालय आणि दप्तर हे एकच समजणं. काळ्या घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, मुंबईच्या चित्रकारांचं ते माहेरघर, पण ते संग्रहालय नव्हे. तिथे आठवड्याआठवड्याला प्रदर्शनं लागतात आणि उतरतात. जुनं काही शोधायला तिथे जाऊ नका. चालू चित्रकारांशी गप्पा मारायला जरूर जा. त्यातल्या एका बुजुर्गांनीच मला 'जुन्या प्रदर्शनांचे कॅटलॉग बघ' हा गुरुमंत्र दिला.

*छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय.* जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९०५ साली पायाभरणी, जॉर्ज विटेटचा आराखडा आणि लोकांसाठी उघडलं ते १९२२ साली. मधल्या पहिल्या महायुद्धाच्या काळात इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. आपण शाळेच्या सहलीत बघतो ती मूर्तींची आणि लघुचित्रांची दालनं. संशोधन करणाऱ्याला मात्र दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. एक, इथलं ग्रंथालय. ते फिरत फिरत आत डोकावण्यासाठी नाही, लेखी विनंती करून वेळ ठरवून जायचं. दुसरी, जहांगीर निकल्सन यांचा संग्रह. हे कापसाचे व्यापारी. १९६८ पासून त्यांनी आधुनिक भारतीय चित्रं घ्यायला सुरुवात केली आणि सुमारे ८०० कलाकृती जमवल्या. २००१ साली ते गेले, २०११ पासून त्यांच्या नावाचं दालन याच इमारतीत आहे. स्वातंत्र्यानंतरचे चित्रकार, म्हणजे १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपची सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे ही मंडळी आणि त्यांच्या पुढचे लोक, हा तुमचा विषय असेल तर इथून सुरुवात करा. माझे आप्पाआजोबा त्याच्या आधीचे, त्यामुळे माझी निराशा झाली. पण दोन तास तिथेच गेले आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

*राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, एनजीएमए.* रीगलच्या चौकात, वरच्या संग्रहालयाच्या समोर. इमारत पुन्हा विटेटचीच, १९११चा कावसजी जहांगीर हॉल. सभा-संमेलनं, मैफली होऊन गेल्यावर १९९६ साली तिथे एनजीएमए आलं. आत जिना चढत अर्धगोल मजल्यांवरून वर जायचं, शेवटी घुमटाखाली पोचायचं. एका एका चित्रकाराची मोठी सिंहावलोकनी प्रदर्शनं इथे भरतात आणि त्यांचे कॅटलॉग हे संशोधनाच्या दृष्टीने सोनं असतं. शेवटच्या पानांवरचा जीवनपट आणि प्रदर्शनांची यादी आधी वाचा, चित्रं नंतर बघा. चित्रकार मित्रमैत्रिणींना हे ऐकून राग येईल.

*महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार.* एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी इमारतीत. जहांगीरला जाणारी निम्मी मुंबई त्याच्यावरून रोज चालत जाते आणि आत काय आहे हे तिला ठाऊक नसतं. १८२१ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना हे दप्तर सुरू झालं, पण आतले कागद त्याहून जुने, थेट कंपनीच्या सुरतेच्या वखारीपर्यंत जाणारे. इथे चित्रं नाहीत. चित्रकारांना सरकारने काय दिलं, काय नाकारलं, त्याचे कागद आहेत. जे.जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं आणि पुढे सरकारी शिक्षण खात्याच्या अखत्यारीत चाललं. त्यामुळे शिक्षक नेमणूक, शिष्यवृत्त्या, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला विद्यार्थी पाठवण्याचा खर्च, नव्या दिल्लीच्या सचिवालयात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेली भित्तिचित्रं, अशा गोष्टींचा पत्रव्यवहार शिक्षण खात्याच्या बाडांत शोधायचा असतो. मागणी करताना खातं, साल, बाडाचा क्रमांक आणि 'कंपायलेशन' क्रमांक लागतो. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला काही कळलं नाही. एका विषयावरचे सगळे कागद एकत्र शिवलेले, तो एक कंपायलेशन. शिक्षण संचालकांचे छापील वार्षिक अहवाल आधी बघा. त्यात कलाशाळेवर स्वतंत्र मजकूर असतो, त्यावरून कोणत्या सालचं बाड मागवायचं याचा अंदाज येतो.

*एशियाटिक सोसायटी.* टाउन हॉल, तीस पायऱ्या, ऊन असेल तर साठ वाटतात. संस्था १८०४ची, इमारत १८३३ची. जुनी इंग्रजी नियतकालिकं, गॅझेटिअर, प्रवासवर्णनं, छापील अहवाल यासाठी. सभासद नसाल तर वाचनाची परवानगी कशी मिळेल ते आधी विचारून ठेवा.

*मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय.* १८९८ची संस्था. दादर पूर्वेला नायगावातला तिचा संदर्भ विभाग हा माझा सगळ्यांत लाडका. कारण मराठी चित्रकारांचा निम्मा इतिहास मासिकांच्या पानांवर आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चित्रकाराला वर्षातून एकदा हमखास काम मिळायला लागलं. दीनानाथ दलालांनी तर १९४५ साली स्वतःचाच 'दीपावली' सुरू केला. तुमचे आजोबा गॅलरीत कधी लागले नसतील, पण एखाद्या कथेच्या डोक्यावर त्यांचं रेखाचित्र असू शकतं. कोपऱ्यातली बारीक सही बघायला भिंग न्या.

भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२चं, मुंबईतलं सगळ्यांत जुनं. मातीच्या लहान लहान पुतळ्यांतली एकोणिसाव्या शतकातली मुंबई बघायला ते एकदा तरी गाठाच. घारापुरीचा मूळ दगडी हत्तीही बाहेर बागेत उभा आहे. आणि जे.जे.? तिथे संग्रह मोठा आहे, पण ती शिकण्याची जागा आहे, तिकीट काढून बघण्याची नाही. आधी पत्र, मग उत्तराची वाट.

४. वार बघून निघा

एनजीएमए सोमवारी बंद. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद. राज्य सरकारची कार्यालयं २०२० पासून शनिवार-रविवार बंद, म्हणजे पुराभिलेखागारासाठी नोकरदाराला रजा टाकावीच लागते. त्यावर सणासुदीच्या सुट्ट्या. आदल्या दिवशी फोन करा आणि 'उद्या उघडं आहे का' एवढंच विचारू नका, 'उद्या वाचायला कागद मिळतील का' असं विचारा. इमारत उघडी आणि कागद काढून देणारा माणूस रजेवर, हे मी अनुभवलं आहे.

चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून काळा घोडा पायी पंधरा-वीस मिनिटं. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशन आहे, ते आणखी जवळ. सकाळी दार उघडताना पोचा. मागणी चिठ्ठी दिल्यापासून बाड टेबलावर येईपर्यंत वेळ जातो आणि जेवणाच्या सुट्टीत काही हलत नाही.

५. बरोबर काय न्यायचं

- फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- शिफारसपत्र: विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखाचं, नसाल तर एखाद्या संस्थेचं किंवा ग्रंथालयाचं, लेटरहेडवर, शिक्क्यासह
- स्वतःचा अर्ज, एका पानात: मी कोण, काय शोधते, कशासाठी, कोणत्या सालातलं
- शिसपेन्सिली, खोडरबर, कडक पुठ्ठ्याची वही
- भिंग
- सुट्टे पैसे, झेरॉक्ससाठी आणि लॉकरसाठी
- पातळ शाल किंवा स्वेटर, एसी असलेल्या खोल्यांसाठी

शिफारसपत्रावर माझ्यासारखे घरगुती संशोधक अडतात. मी कुणाची विद्यार्थिनी नव्हते. शेवटी आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी चार ओळींचं पत्र दिलं: 'सदर व्यक्ती आमच्या सभासद असून...' ते चाललं. तुमच्या गावच्या, वॉर्डातल्या वाचनालयाला कमी लेखू नका.

पेन पर्समध्येच राहू द्या. शाईचा एक ठिपका शंभर वर्षांच्या कागदावरून निघत नाही, म्हणून जवळपास सगळीकडे फक्त पेन्सिल. पाण्याची बाटली, डबा, मोठी पिशवी बाहेर.

६. नावाची भानगड

इंग्रजी सूचीत मराठी माणूस शोधायचा म्हणजे लपाछपी. जगन्नाथ शंकरशेट हे नाव इंग्रजांच्या कागदात 'जगोनाथ सुंकरसेट' अशा थाटात लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा 'जे'खाली सापडतं, 'एस'खाली नाही, कारण जुन्या सूच्यांमध्ये आपल्या लोकांना आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेलं असे. पारशी नावांचंही तेच. म्हणून आडनाव, पहिलं नाव, वडिलांचं नाव, तिन्हींखाली बघा. व आणि डब्ल्यू, एक ए आणि दोन ए, शेवटी 'कर' की 'केर', सगळी रूपं आधीच वहीत लिहून न्या. आमच्या आडनावाची पाच रूपं निघाली, सापडले ते पाचव्याखाली.

मराठी मासिकांत दुसरी गंमत. अंकावर इसवी सन असेलच असं नाही, शक आणि महिना असतो. दिवाळीच्या, म्हणजे कार्तिकातल्या अंकाला शकात ७८ मिळवा: शके १८६७ म्हणजे १९४५. पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या अंकाला ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं. या एका वर्षाच्या फरकापायी मी तीन चुकीच्या फायली मागवल्या.

७. टेबलावर कागद आल्यावर

माझी समजूत होती की जितका जुना कागद, तितका नाजूक. उलटं निघालं. १८३०च्या सुमाराचा चिंध्यांपासून हाताने केलेला कागद आजही कापडासारखा वळतो. १९४३चा मासिकाचा अंक मात्र पान उलटताना पापडासारखा मोडतो. कारण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, आतल्या आत आम्ल तयार होतं आणि तंतू तुटत जातात. त्यात दुसऱ्या महायुद्धातली कागदटंचाई, म्हणजे मिळेल तसला कागद. वर मुंबईची दमट हवा आणि कसर.

म्हणून अंक पूर्ण सपाट उघडू नका, शिवणीवर ताण येतो. खाली उशी किंवा पाचर ठेवायला मागा. पान वरच्या कोपऱ्यातून, पूर्ण तळहाताचा आधार देऊन उलटा. बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर हात मांडीवर ठेवून बसा! पांढरे हातमोजे सिनेमात छान दिसतात, पण कागदासाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे हातच बरे. मोज्याने पानाची जाडी कळत नाही आणि कडा फाटते. मोजे लागतात ते जुन्या फोटोंना आणि निगेटिव्हना, तिथे बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

माझ्यासमोर आला तो १९३२च्या एका वार्षिक प्रदर्शनाचा कॅटलॉग, वहीएवढा, करड्या पुठ्ठ्याचा. उघडताच टेबलावर तपकिरी चुरा पडला, शेवेचा चुरा पडावा तसा. समोरच्या बाईंनी काही न बोलता मऊ ब्रश आणून दिला. चित्रांचे फोटो जेमतेम चार-पाच, बाकी नुसती यादी: क्रमांक, चित्राचं नाव, चित्रकार, किंमत रुपयांत. कुणीतरी त्या काळी समासात पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या होत्या, बहुधा विकल्या गेलेल्या चित्रांपुढे. जलरंगांच्या यादीत शेवटून तिसरी ओळ, चुकीच्या स्पेलिंगमधलं आमचं आडनाव. 'वॉकेश्वर टँक, मॉर्निंग', म्हणजे वाळकेश्वरचं बाणगंगा तळंच. चाळीस रुपये. पुढे फुली नाही.

मेडलवाल्यांची यादी पुढच्या पानावर होती, त्यात नाव नव्हतं. त्याखालच्या 'कमेंडेड' म्हणजे नुसतं कौतुक केलेल्या चित्रांत होतं.

नाही मिळालं तरी तसं लिहून ठेवा. 'अमुक अंक पानन्‌पान पाहिले, उल्लेख नाही' ही नोंद नसेल तर सहा महिन्यांनी तोच अंक पुन्हा मागवाल.

८. फोटो, झेरॉक्स आणि हक्क

मोबाइल काढण्याआधी विचारा. काही ठिकाणी फ्लॅश न मारता परवानगी असते, काही ठिकाणी पानामागे शुल्क, काही ठिकाणी अजिबात नाही. फोटो काढाल तर पहिला फोटो मागणी चिठ्ठीचा. नाहीतर घरी आल्यावर दोनशे पानांचे फोटो आणि कोणतं पान कुठलं याचा पत्ता नाही.

परवानगी बघण्याची वेगळी आणि छापण्याची वेगळी. आपल्याकडे चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं २००५ पासून मोकळी झाली. दलाल १९७१ साली गेले, त्यांची २०३१ संपेपर्यंत नाहीत. चित्र तुमच्या भिंतीवर आहे म्हणून छापायचा हक्क तुमचा होत नाही, तो चित्रकाराच्या वारसांचा. आणि हक्क संपला असला तरी संग्रहालयाने काढलेला फोटो वापरायचा तर त्यांना विचारावं लागतं.

धुरंधरांचं नाव निघालंच आहे तर, १८९० साली ते जे.जे.त आले आणि १९३१ पर्यंत तिथे होते. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या त्यांच्या आठवणी मराठीत आहेत. त्या काळातल्या कुणाचाही शोध घेत असाल तर दप्तरात जाण्याआधी त्या वाचा. कोण कुणाचा शिक्षक, कोणतं बक्षीस केव्हा, हे कळलं की सरकारी कागदातली कोरडी नावं ओळखीची वाटायला लागतात.

९. तिथल्या माणसांशी

सूचीत नसलेलं त्यांच्या डोक्यात असतं. घाई करू नका, आवाज चढवू नका, 'नियम दाखवा' तर नकोच. मला कागद नाकारले गेले तेव्हा बाड इतकं ठिसूळ होतं की उघडलं असतं तर तुकडे झाले असते. त्याच माणसाने मग त्याची मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म, असल्याचं सांगितलं. मशीन लावायला शिकवलं. निघताना बाड कसं बांधायचं तेही, गाठ कडेला घ्यायची, मजकुरावर नाही.

जुलै-ऑगस्ट टाळता आले तर टाळा. ओल असली की काही ठिकाणी नाजूक कागद बाहेर काढत नाहीत, आणि तुम्हीही भिजून निथळत पोचाल.

१०. परत आल्यावर

त्याच रात्री टिपणं नीट उतरवून काढा. पेन्सिलीचं घाईचं अक्षर आठवड्याने आपल्यालाच लागत नाही. प्रत्येक नोंदीखाली संस्था, कागदाचं नाव, साल, क्रमांक, पान. घरातल्या चित्राचा चांगला फोटो आणि तुम्हाला सापडलेली माहिती संबंधित संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला कळवा. त्यांच्या यादीत एका ओळीची भर पडते.

चित्राच्या मागे थेट काही लिहू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. मी फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर वरून एक पाकीट बसवून घेतलं आहे. त्यात कॅटलॉगच्या पानाची प्रत, क्रमांक, ते पान कुठे बघायला मिळेल ते आणि चाळीस रुपयांची नोंद. आत्याला सगळं वाचून दाखवलं. ती अजूनही गोल्ड मेडलच म्हणते. मागच्या दिवाळीला पाकीट उघडलं तर आत तिच्या अक्षरातली घडी केलेली एक चिठ्ठी होती. मी वाचायला घेतली तर तिने हातातून काढून घेतली, परत पाकिटात घातली आणि म्हणाली, "तुझं तू लिहिलंस ना? हे माझं."